कथेचा खेळ आणि पैशाचा जुगार एकाच दावणीला नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या पंधरवड्यात तरुण मुलांच्या गेमिंगविषयी जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. लेखातली कळकळ खरी आहे, तिच्याविषयी मला शंका नाही. मात्र ऑनलाइन रमी, पैसे लावून खेळायची क्रिकेटची ॲप, बंदुकांचे खेळ आणि घरी बसून एकट्याने खेळायचे कथाप्रधान खेळ या सगळ्यांना त्यात 'गेमचे व्यसन' या एकाच नावाखाली एकाच दावणीला बांधले आहे, आणि माझी हरकत तेवढ्यापुरतीच आहे. मी अंबाजोगाईची, वय ६३. जिल्हा परिषदेच्या शाळांतून तीन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका. गेल्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत असा एक खेळ मी स्वतः, पहिल्या प्रसंगापासून अखेरपर्यंत खेळले आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करते.

जुगाराच्या बाबतीत माझे मन आपल्या लेखकाइतकेच कठोर आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने रमीच्या ॲपवर आधी पगार, मग मोटारसायकल आणि शेवटी आईच्या पाटल्या घालवल्या. त्या माउलीला सराफाच्या पायरीवर पदर सावरत उभी असलेली मी पाहिली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत करून पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली, तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. परंतु त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे संगणकावरच्या खेळांच्या स्पर्धा, आणि करमणुकीचे सामाजिक खेळ हे पैशाच्या खेळांपासून वेगळे काढले आहेत. कायद्याच्या रुक्ष भाषेला जो फरक करता आला, तो शब्दांवर पोट असलेल्या वर्तमानपत्राला करता येऊ नये, याचे मला नवल वाटते.

हा फरक आपल्या मराठवाड्याला तर दगडात कोरून दिलेला आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या, रामेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेले दिसतात. २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यातही तोच प्रसंग आहे. सहलीला नेलेली मुले दरवर्षी तिथे थबकत आणि 'बाई, देव पण खेळायचे?' असे विचारत. खेळायचे, असे मी सांगे, आणि मग त्यांना हस्तिनापूरच्या सभेची आठवण करून देई. पट तोच, फासे तेच; फक्त पटावर पण लागला की खेळाचा जुगार होतो. सारीपाटाची आठवण मी मुद्दाम काढते आहे, कारण ज्या खेळाविषयी मला लिहायचे आहे तो त्याच घराण्यातला आहे: एकाने डाव टाकायचा, दुसऱ्याने थांबायचे, मग दुसऱ्याचा डाव.

माझा भाचा छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकला आणि आता एका कंपनीचे काम घरूनच करतो. दिवाळीला आमच्याकडे आला तो भलामोठा लॅपटॉप घेऊन. चकल्यांचा शेवटचा घाणा उतरवून मी त्याच्या खोलीत डोकावले, तर पडद्यावर समुद्रकाठचे एक देखणे गाव, रस्त्यांवर बाहेर काढून ठेवलेले घरातले सामान आणि गळ्यात फुलांच्या माळा घातलेली माणसे. मला वाटले, लग्नघर आहे. 'लग्न नाही मावशी,' तो म्हणाला, 'ही माळा घातलेली सगळी माणसं आज संध्याकाळी जाणार आहेत.' मी हात पुसत तिथेच बसले ती जेवणाची वेळ टळेपर्यंत.

त्या खेळाचे नाव 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३'. फ्रान्समधल्या माँपेलिए या शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या लहानशा कंपनीने, तिसेक माणसांच्या मुख्य चमूने तो बनवला आणि २४ एप्रिल २०२५ रोजी तो बाजारात आला. कथा अशी, की ल्युमिएर नावाचे शहर उरल्या जगापासून तुटून समुद्रात एकटे पडलेले आहे. दूर क्षितिजावर एक प्रचंड शिळा उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी एक चित्रकर्ती गुडघे मुडपून बसलेली आहे. वर्षातून एकदा ती उठते, शिळेवरचा आकडा पुसून एकाने कमी असा नवा आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसे उभ्या जागी पाकळ्या-पाकळ्या होऊन वाऱ्यावर विरून जातात. १०० पासून सुरू झालेली ही उलटी मोजणी, खेळ सुरू होतो तेव्हा, ३४ वरून ३३ वर येते. दरवर्षी त्या शहरातून एक मोहीम चित्रकर्तीला रोखायला समुद्रापलीकडे जाते आणि परत येत नाही. आपण खेळतो ती त्या वर्षीची मोहीम, जिच्यातल्या बहुतेकांना आयुष्याचे एकच वर्ष उरलेले आहे. सुरुवातीला ज्याच्या पावलांनी आपण चालतो तो गुस्ताव्ह ३२ वर्षांचा आहे, आणि जिच्यावर त्याचा अजूनही जीव आहे ती सोफी ३३ वर्षांची. बंदरावर तिचा हात त्याच्या हातात असतानाच ती जाते. पुढची कथा मी सांगणार नाही. ज्यांना खेळायचा असेल त्यांच्या वाटेत मला काटा व्हायचे नाही.

संपादक महोदय, हा प्रसंग पाहून मी रात्री झोपले नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षे केज-धारूर भागातल्या वाड्या-वस्त्यांवर गेली आहेत. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना आमच्याकडे 'कोयता' म्हणूनच मोजतात, ट्रॅक्टर-ट्रकमध्ये आपला संसार टाकून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. हजेरीपटावर चाळीस नावे असत आणि दिवाळीनंतर वर्गात बारा-पंधरा लेकरे. बाकीची आईबापांबरोबर फडावर. हंगामी वसतिगृहाची सोय झाली त्या वर्षी थोडी अधिक राहिली, एवढेच. त्या महिन्यांत गावातून चालत गेले की ओट्यांवर फक्त म्हातारी माणसे दिसायची. कर्ते असे कोणी नाही, निरोप कोणाकडे द्यायचा हाही प्रश्न. ल्युमिएर हे आमच्या त्या गावाचे नेमके उलटे रूप आहे. तिथे म्हातारे कोणी नाही. आजी नाही, आजोबा नाहीत, निवृत्त शिक्षिका तर मुळीच नाही. आईबाप वेळेआधी गेलेली मुले आहेत, आणि जगात मूल आणावे की नाही या एका प्रश्नावरून गुस्ताव्ह आणि सोफी यांची ताटातूट झालेली आहे. शहरच्या शहर तरुण आहे आणि तरी त्याच्यावर जी अवकळा आहे ती मी आमच्या वाडीवर मार्गशीर्षात पाहिलेल्या अवकळेची सख्खी बहीण आहे. ज्यांनी हा खेळ रचला त्यांना केज आणि धारूर ही नावेही ठाऊक असण्याचे कारण नाही. चांगल्या कथेचे हेच वैशिष्ट्य असते, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले, आणि ते मला एका लॅपटॉपवर अनुभवायला मिळावे याची मला गंमतही वाटली आणि थोडी शरमही.

शरम अशासाठी, की तोवर मीही या सगळ्याला 'टुकटुक' म्हणत होते.

आता लढायांविषयी, कारण आपल्या लेखकाचा मुख्य आक्षेप त्यांच्यावर आहे. 'पडद्यावर सतत वेगाने काही तरी फुटत असते आणि मुलाला विचार करायला क्षणाचीही उसंत मिळत नाही,' अशा आशयाचे विधान लेखात आहे. काही खेळांबाबत ते खरे असेल. या प्रकारच्या खेळांना मात्र टर्न-बेस्ड म्हणतात, म्हणजे पाळीपाळीने डाव खेळण्याचे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, ज्यात चार मित्र एका मेजाभोवती बसून कथा रचत आणि तिच्यातली पात्रे होत. तीच रीत पुढे संगणकात आली. जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ साली 'फायनल फँटसी' निघाले आणि घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर बसून एकट्याने लांबलचक अद्भुतकथा जगण्याची सवय जगभरातल्या मुलांना लागली. या घराण्यात लढाई सुरू झाली की आपली पाळी असताना समोरचा राक्षस मुकाट थांबतो. आपण पाणी पिऊन यावे, दारावर कोणी आले असेल तर बोलावे, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात. तो थांबलेलाच असतो. पहिल्या दिवशी मी घाबरून दिसेल ते बटण दाबत होते, तेव्हा भाचा मागून म्हणाला, 'घाई कशाला करलालीस मावशी, डाव तुझाच हाय की.' शहरात शिकलेला मुलगा, पण जिव्हाळ्याचे बोलायचे झाले की बोली गावचीच येते.

एक लढाई जवळून सांगते. आम्ही तिघे होतो: गुस्ताव्ह, १६ वर्षांची माएल आणि जादू जाणणारी ल्यून. पडद्याच्या कडेला पुढचे डाव कोणाकोणाचे, हे चेहऱ्यांच्या रांगेने दिसत असते. समोर दगडी अंगाचा एक दांडगा. माझ्या दोन डावांनंतर त्याचे लागोपाठ दोन, हे रांगेवरून दिसत होते. माएलच्या गाठीला बळाचे चार गुण, ल्यूनकडे दोन. माएलकडून मोठा वार करवला तर चारही संपतात आणि दांडगा मरेल याची खात्री नाही. साधा वार केला तर एक गुण वाढतो, पण मग गुस्ताव्हच्या जखमा कोणी भरायच्या? शिवाय माएल तलवारीचा पवित्रा बदलते: एका पवित्र्यात तिचे वार जबर होतात पण तिला मारही अधिक बसतो, दुसऱ्यात ती स्वतःला जपते. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पाटीवर गणित मांडावे तसा तो प्रसंग वहीत मांडला. सात-आठ मिनिटे तरी गेली असतील. शेवटी ल्यूनला औषधावर ठेवले, माएलचा पवित्रा जपण्याचा केला आणि दांडग्याचे दोन्ही डाव अंगावर घेतले. गुस्ताव्ह वाचला तो इतक्या थोडक्यात, की मी नकळत 'पांडुरंगा' म्हणाले. भाचा हसला.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की या एका खेळात शत्रूच्या डावाला थोडी चपळाई लागते. त्याचा वार येत असताना नेमक्या क्षणी बटण दाबले तर वार चुकवता येतो, त्याहून नेमके जमले तर परतवता येतो, आणि लागोपाठचे सगळे वार परतवले तर उलट तडाखा देता येतो. वार करणारे मुद्दाम हात उगारून धरतात आणि आपण फसतो. गल्लीतली पोरे लपंडावात हुलकावणी देतात तशी. माझी बोटे सांधेदुखीची, त्यामुळे परतवणे मला शेवटपर्यंत दहातून दोनदाच जमले. पण खेळाचे काठिण्य आपल्याला ठरवता येते, आणि कथेसाठी खेळणाऱ्यांकरिता ठेवलेल्या सर्वांत सोप्या पातळीवर माझे निभावले. भाच्याने या पातळीला नाक मुरडले. माझ्या वयाचा झाला की कळेल.

माझा खरा वेळ गेला तो वाचण्यात, आणि हे मी आपल्या लेखकाला आवर्जून सांगू इच्छिते. आधी गेलेल्या मोहिमांतल्या लोकांनी मागे ठेवलेल्या नोंदी वाटेत जागोजागी सापडतात. कोणी धीराचे लिहिते, कोणी चेष्टेने, कोणाचे वाक्य अर्धेच राहिलेले असते. या नोंदी नाही वाचल्या तरी खेळ अडत नाही. त्या वाचल्या तर आपण चालतो आहोत ती वाट आपल्याआधी ६७ वर्षे माणसांनी तुडवलेली आहे, हे कळते. मी त्यांना मोहिमेच्या बखरी म्हणत असे. नोंद सापडली की लढाई बाजूला ठेवून मी शब्दकोश उघडे, कारण सगळे इंग्रजीत, आणि माझे इंग्रजी शिकवणीचे नव्हे, गरजेपुरते. डाव थांबून राहतो म्हणूनच हे शक्य झाले. धावत्या खेळात शब्दकोश कोण उघडणार? ज्या पिढीची मुले दोन पानांचा धडा वाचायला कंटाळतात असे आम्ही शिक्षक म्हणत असतो, त्या पिढीचा माझा भाचा या नोंदी मोठ्याने वाचून दाखवत होता, आणि एका नोंदीपाशी त्याचा आवाज दाटला. मी ते पाहिले नसल्यासारखे केले.

एका शब्दाने मला फार दिवस छळले. माणसे विरून जाण्याच्या त्या घटनेला खेळात 'गोमाज' हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ खोडणे, पुसणे असा निघतो. मी वहीत प्रथम 'खोडणे' लिहिले. मग मनात आले, की खोडलेल्या शब्दावर रेघ राहते आणि खालचा शब्द वाचता येतो. इथे मागे काहीच राहत नाही. 'पुसणे' लिहिले, तर पाटी डोळ्यांपुढे आली. ओल्या फडक्याने पाटी पुसली की काही उरत नाही, पण कोरड्या फडक्याने फळा पुसला की खडूची भुकटी उन्हाच्या तिरिपेत क्षणभर तरंगते, आणि ल्युमिएरच्या बंदरावर पाकळ्या तशाच तरंगतात. शेवटी 'पुसणी' असा शब्द मी घडवला, कापणी, मळणी, पेरणी यांच्या चालीवर, कारण तीही दरवर्षी ठरल्या वेळी येते आणि तिच्या आधी गावाला एक कळा येते. तो बरोबर आहे असा माझा आग्रह नाही. पण एका शब्दासाठी मी तीन संध्याकाळी घालवल्या, आणि ज्याला आपला लेख 'बुद्धी गहाण टाकणे' म्हणतो ते करताना घालवल्या, एवढे नोंदवून ठेवते.

खेळात दोष नाहीत असे नाही. गुहांत-जंगलांत फिरताना जवळपासचा नकाशाच दिलेला नाही, त्यामुळे मी एकाच वळणावर पाच-पाच वेळा आले आणि भाच्याला हाका मारत राहिले. पात्रांच्या अंगी लावायच्या गुणांची संख्या इतकी वाढत जाते, की मसाल्याच्या डब्यात शंभर वाट्या असाव्यात तसे होते. मी मोजके दहा-बारा धरले आणि बाकीचे सोडून दिले. तोंडी शिव्या आहेत, रक्तपात आहे, आणि विषय मृत्यूचा व शोकाचा आहे. हा खेळ प्रौढांसाठी आहे, तशी खूण त्याच्यावर स्पष्ट आहे आणि पालकांनी ती पाहावी. सहावीतल्या मुलाच्या हाती मी तो देणार नाही. आणखी एक: वेळ खातो. भाच्याची मुख्य कथा तिसेक तासांत उरकली, मला त्याच्या दुपटीहून अधिक लागले, आणि रात्री हरिपाठ झाल्यावर एक तास असा नेम मी केला नसता तर तेही आवरले नसते. तो नेम दोनदा मोडला. तिसऱ्यांदा वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी संपली, म्हणून मोडला नाही. परंतु या साऱ्यात एक गोष्ट घडली नाही: एकदा विकत घेतल्यानंतर त्या खेळाने मला पुढच्या दारासाठी, पुढच्या तलवारीसाठी किंवा आणखी एका संधीसाठी एक रुपयाही मागितला नाही. रमीच्या ॲपची आणि त्याची जात वेगळी आहे ती इथे.

फ्रान्समध्ये या खेळाकडे कसे पाहिले गेले, हे पाहण्यासारखे आहे. तो गाजू लागला तेव्हा त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी समाजमाध्यमावर त्या कंपनीचे जाहीर अभिनंदन केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या गेम अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. आपल्याकडे असे काही होतच नाही असेही नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला, ज्यात प्राचीन भारतातली एक मुलगी आपल्या भावाच्या शोधात राक्षसांशी लढते. तो पाळीपाळीचा नाही, लढाऊ धाटणीचा आहे. पण महाराष्ट्रात बसून माणसे या कलेत काही करू पाहतात, हे त्यावरून दिसते. त्याविषयी मराठवाड्यातल्या किती वाचकांना मराठी वर्तमानपत्रातून कळले?

मला सलणारी गोष्ट भाषेची आहे. 'एक्स्पिडिशन ३३' मधला मजकूर इंग्रजी-फ्रेंचबरोबर जर्मन, इटालियन, स्पॅनिश, पोलिश, जपानी, कोरियन, चिनी अशा अनेक भाषांत वाचता येतो. पोलिश बोलणारे लोक साधारण चार कोटी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक आहेत, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे, आणि मी राहते ते अंबाजोगाई तर आद्यकवी मुकुंदराजांचे गाव. तरी त्या यादीत मराठी नाही. कारण सरळ आहे आणि मला ते समजते: पोलंडमधली माणसे असे खेळ विकत घेतात आणि त्यांविषयी आपल्या भाषेत बोलतात-लिहितात; आपल्याकडे ज्यांना परवडते ते इंग्रजीत खेळून गप्प बसतात आणि बाकीचे घरदार त्याला जुगार समजून बसते. जी गोष्ट लपून करायची, तिची भाषा कशी तयार व्हावी?

आणि भाषा तयार करायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही, हे मला वही भरताना दिसले. इंग्रजीत ज्याला टर्न म्हणतात त्याला आपल्याकडे 'डाव' आहे, आणि आपला शब्द त्याहून सरस आहे, कारण डाव म्हणजे पाळीही आणि युक्तीही. पैलवान धोबीपछाड टाकतो तोही डावच. माएल तलवार धरण्याची ढब बदलते, त्याला 'पवित्रा' हा शब्द तालमीतून आयता मिळतो. एक्स्पिडिशनला 'मोहीम' आहे, आणि हा शब्द या मातीत पुस्तकी वाटत नाही. वाटेत जिथे रोवलेल्या झेंड्यापाशी थांबून विसावा घेता येतो, त्याला मी 'निशाण' लिहिले. देवाच्या पालखीपुढे चालते ते निशाण. चुकवणे, परतवणे, हुलकावणी, दान, सोंगटी, घर, कोंडी: सारीपाट, कुस्ती आणि विटीदांडू खेळलेल्या भाषेला या खेळांचे भाषांतर जड जाऊ नये. जड जाते ते बळाच्या गुणांसारख्या दोन-चार ठिकाणी, आणि तिथे इंग्रजी शब्दच ठेवावा असे माझे मत आहे. स्टेशनला आपण अग्निरथ-विश्रामधाम म्हटले नाही म्हणून मराठी बुडाली नाही.

यासाठी माझी आपल्याला विनंती आहे. पुढच्या वेळी गेमविषयी लेख छापताना पैशाचे खेळ आणि कथेचे खेळ यांना वेगवेगळी नावे वापरावीत. 'ऑनलाइन जुगार' हा स्वच्छ शब्द उपलब्ध असताना त्यासाठी 'गेम' म्हणण्याची गरज नाही. आणि पुरवणीत नाटक, चित्रपट, पुस्तके यांच्या परीक्षणांना जशी जागा आहे, तशी महिन्यातून एकदा एखाद्या कथाप्रधान खेळाच्या परीक्षणालाही द्यावी. ते लिहिणारी मुले लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या महाविद्यालयांत बसलेली आहेत. त्यांना फक्त, मराठीत लिहिले तर छापले जाईल, एवढे कोणी तरी सांगायला हवे. कोणता खेळ कोणत्या वयाला योग्य, किती तासांचा, त्यात आत पैसे मागतात की नाही, कथा कशी आहे, मजकूर किती अवघड आहे, हे मराठीत वाचायला मिळाले, तर ज्या पालकांच्या काळजीने तो लेख लिहिला गेला त्यांनाही त्याचा बंदीपेक्षा अधिक उपयोग होईल. आज त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत: लॅपटॉप कुलुपात ठेवणे किंवा डोळे मिटून घेणे. आमच्या शेजारच्या बाईंनी पहिली वाट धरली. मुलाने किल्ली कुठे असते ते शोधून काढले आहे, हे त्यांना सोडून साऱ्या गल्लीला माहीत आहे.

माझ्या वहीत आजवर दोनशे-सव्वादोनशे शब्द झाले आहेत. भाच्याने त्यांतल्या निम्म्यांवर आक्षेप घेतले आहेत आणि ते लाल शाईने समासात लिहिले आहेत. एके काळी मी त्याची निबंधाची वही तपासत असे, त्याचे उट्टे तो काढतो आहे. आपल्या पुरवणीला किंवा या विषयावर लिहू पाहणाऱ्या कोणालाही ती यादी उपयोगी पडणार असेल, तर मी झेरॉक्स काढून पाठवीन. काही पानांवर चकलीच्या तेलाचे डाग आहेत, पण अक्षर वाचता येते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड